एक किलो वांग्यांचा भविष्यकाळ

तेरणेकाठच्या सावळगावात एक पोपट होता, किराणा दुकानाच्या दारात टांगलेला. इतर गावांतले पोपट विठू विठू करतात. हा सकाळची मिरची खाऊन झाली की खणखणीत आवाजात म्हणायचा, “टुमॉरो आय शॅल गो टु द मार्केट.” पिंजऱ्यातल्या पाखरानं उद्या मंडईत जायच्या गोष्टी कराव्यात, यात काही चमत्कारिक आहे हे गावात कुणाच्या ध्यानातच येत नसे. कारण गावही तेच म्हणत होतं.

ही सारी करणी दिगंबर माकणीकर सरांची. एकेचाळीस वर्षं त्यांनी सावळगावाला इंग्रजी शिकवलं. आधी शाळेत, निवृत्तीनंतर गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये. भूतकाळ पोरांना कसाबसा यायचा, वर्तमानकाळ रडतखडत यायचा, पण भविष्यकाळ सरांनी असा घोटून घेतला होता की चितेवर ठेवलं तरी विसरायची सोय नाही. चार वाक्यं. पाढ्यासारखी एका सुरात म्हणायची आणि प्रत्येक ‘शॅल’ला बाकावर बोटाचा एक ठोका द्यायचा.

“टुमॉरो आय शॅल गो टु द मार्केट. आय शॅल बाय वन किलो ऑफ ब्रिंजल्स. माय वाइफ विल कुक देम. वुई शॅल ईट टुगेदर.”

उद्या मी मंडईत जाईन, किलोभर वांगी घेईन, बायको शिजवेल, आम्ही मिळून खाऊ. संपला भविष्यकाळ. मुलींनीही ‘माय वाइफ’च म्हणायचं, पाठात बदल नाही. परिणाम असा की सावळगावातला न्हावी, तलाठी, ग्रामसेवक, झाडून सगळ्यांचा उद्या एकच होता. एका कंडक्टरचं अपेंडिक्स काढलं तेव्हा भूल उतरताच तो पहिलं वाक्य बोलला ते वांग्यांचं, आणि शेजारच्या नर्सनं सलाइनची बाटली बदलता बदलता पुढचं वाक्य म्हणून टाकलं. पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठं पाहता, असं मुलाखतीत विचारल्यावर गावचा एक इंजिनिअर “इन द मार्केट” म्हणाला आणि शेअरबाजारातली नोकरी घेऊन आला. सरांची पद्धत म्हणजे यशाची हमी!

मग दोन हजार एकेचाळीस साली उद्यामापक आला, आणि या चार वाक्यांनी गावाचा गळा धरला.

उद्यामापकामागचं शास्त्र फार अवघड नाही. आठवण आणि भविष्य ही आपल्याला दोन वेगळी दुकानं वाटतात, पण मेंदूत त्यांचं गोदाम एकच. कानाच्या पातळीला, खोल आत, समुद्रघोड्यासारखा वळलेला एक इवला भाग असतो. कालचं तिथून निघतं आणि उद्याचंही तिथंच शिवलं जातं, जुन्या आठवणींचे तुकडे जोडून, गोधडी शिवावी तसं. ‘रविवारी लेकीकडे जाईन’ म्हणताना मन आधी लेकीचं दार पाहतं, दारातल्या चपला पाहतं आणि मग क्रियापद उच्चारतं. विस्मरणाच्या रोगाची वाळवी तिथं लागली की आधी आठवणी जात नाहीत, आधी गोधडी शिवणं थांबतं. मागचं सगळं दिसतं, पुढचं दिसेनासं होतं. तरी माणूस बोलत राहतो, कारण आईच्या भाषेतली वाक्यं उतारावरच्या गाडीसारखी आपोआप जातात. शिकलेल्या भाषेचं तसं नाही. तिथं आधी चित्र पाहावं लागतं, मग त्याला एकेक शब्द चढवावा लागतो. चित्र आणि शब्द यांच्यामधल्या पाव सेकंदात घशाचे स्नायू बारीकसे थरथरतात. यंत्र ती थरथर मोजतं. थरथर आहे, म्हणजे बोलणाऱ्यासमोर उद्या आहे. नसेल, तर काही वर्षांत तो स्वतःचं नाव विसरणार.

एका थंड आणि श्रीमंत देशानं (नाव नको, त्यांच्या वकिलातीत उगाच कुणाचा चहा सांडायचा) हे यंत्र आपल्या दारात बसवलं. कायमचं राहायला यायचं असेल त्यानं अकरा मिनिटं इंग्रजीतून भविष्यकाळात बोलावं. ज्याच्यासमोर उद्या नाही, त्याची शुश्रूषा आमच्या गळ्यात नको.

सर आणि त्यांच्या पत्नी शैलजाबाई यांची एकुलती एक लेक सानिका नेमकी त्याच देशात होती. आधीची दोन बाळंतपणं अर्ध्यात गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते, तिसरा महिना होता. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर, दोन दोन महिने बेपत्ता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, पुढे पलंग सोडायचा नाही. “आई, तुम्ही दोघं या गं,” ती पडद्यावरून म्हणायची, “एकटीनं नाही व्हायचं आता.”

जुलैत दोघांनी हैदराबादच्या केंद्रावर परीक्षा दिली. दोघंही नापास झाले. त्या वर्षी सावळगावातून चौदा जण गेले होते, चौदाच्या चौदा नापास. बातमी पंचक्रोशीत पसरली. सावळगावच्या पाण्यातच काहीतरी आहे, अख्खं गाव वेडं होणार आहे! ठरलेली तीन लग्नं मोडली. “तुमची पोरगी गुणाची आहे हो,” एक वरपिता म्हणाला, “पण नातवानं आजोळचं पाणी प्यायचंच नाही का?”

सरांचीच एक जुनी विद्यार्थिनी, डॉ. शर्वरी बिडवे, मेंदूची डॉक्टर होती. ती तळहाताएवढा उद्यामापक पर्समध्ये घालून पुण्याहून आली. दिवसभर गावात फिरून पन्नास माणसांना बोलतं केलं आणि संध्याकाळी सरांच्या ओट्यावर येऊन बसली. आधी पोट धरून हसली, मग यंत्र मांडीवर घेतलं.

“सर, पाण्यात काही नाही. आपल्या वांग्यांत आहे.”

“म्हणजे?”

“अहो, यंत्र विचारतं पुढच्या वर्षी काय करणार, आणि आपली माणसं म्हणतात वांगी घेणार. पाठ केलेल्या वाक्यामागं चित्र नसतं. चित्र नाही तर थरथर नाही. यंत्राला वाटतं, आत काळोख आहे.” तिनं शैलजाबाईंकडे वळून विचारलं, “काकू, डोळे मिटा. सानिकाच्या घराचं दार कसलं आहे?”

“हिरवं,” शैलजाबाई डोळे मिटून म्हणाल्या. “वर घंटी टांगलीय. आपण पाठवलेली.”

“आता आत जा. आणि जे कराल ते इंग्रजीत सांगा. चुकलं तरी चालेल.”

“आय... आय विल... रिंग बेल.”

यंत्राचा काटा टणकन उडाला. “बघा,” शर्वरी म्हणाली. “अगदी ठणठणीत. तीन महिन्यांनी फेरपरीक्षा मिळते. तोवर वांगी विसरायची.”

शैलजाबाई चहा टाकायला आत गेल्या. सरांनी घसा साफ केला. “माझं बघ. मी काही पाठ म्हणत नाही. पाठ रचणारा मी आहे.” आणि पुढच्या दिवाळीपर्यंत आपण कुठं स्थिरावलेले असू, काय काय करून झालेलं असेल, याचं एक लांबलचक, पल्लेदार वाक्य त्यांनी इंग्रजीत फेकलं. व्याकरण असं चोख की पुस्तकात छापावं.

काटा हलला नाही.

“डोळे मिटा, सर. दिवाळी दिसते का? पणती, फराळ, काहीतरी.”

सरांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटलेले ठेवले. “वाक्य बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं.

“वाक्य बरोबर आहे, सर.”

“मग दिसायचं काय त्यात?”

आतून आलं किसल्याचा आवाज येत होता.

“काकूंना सांगितलं की चित्र निघालं,” ती हळू म्हणाली. “पाठांतर म्हणजे बंद खिडकी, उघडली की उजेड येतो. तुमची खिडकी उघडीच आहे, सर.”

“किती दिवस आहेत?”

“दीड वर्ष. फार तर दोन.”

“शैलजाला सांगायचं नाही,” सर म्हणाले. “तिला कळलं तर ती जायची नाही. आणि सानिकाचं हे बाळही जाईल.”

“सर, पण तिथला कायदा माहीत आहे ना? एकदा आत गेलं की पाच वर्षं देश सोडता येत नाही. सोडला की परवाना रद्द. मग त्या तुम्हाला...”

“पाच वर्षांनी मी तिला ओळखणार आहे का?”

चहा आला. तो पिऊन ती गेली.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी शैलजाबाईंची शिकवणी सुरू केली. आपलाही फेरपरीक्षेचा अर्ज भरलाय, फक्त पुरुषांचा निकाल उशिरा लागतो, मार्चपर्यंत लागेल, असं त्यांनी सांगून टाकलं. हे असलं कारण दुसऱ्या कुणी दिलं असतं तर शैलजाबाईंनी त्याला वेड्यात काढलं असतं. पण इंग्रजी कागदांचं खातं लग्नापासून सरांकडे होतं.

सकाळी त्या विळीवर भाजी चिरत बसायच्या आणि समोर पाटावर सर. “आधी बघायचं. दिसलं की बोलायचं,” एवढा एकच नियम.

“आय विल मेक धपाटे. सानिका विल ईट हॉट हॉट. आय विल पुट हँड ऑन हर पोट.”

जन्मात पहिल्यांदा सरांनी चूक दुरुस्त केली नाही. “पुढं?”

“यू विल सिट निअर विंडो. यू विल फाइट विथ न्यूजपेपर.” शैलजाबाई मोकळ्या हसल्या. “तिथंही संपादकाला पत्रं पाठवाल तुम्ही. मला दिसतंय ना!”

“खुर्ची कसली आहे?” सरांनी विचारलं.

“वेताची.”

“आणि मी घातलंय काय?”

“अहो, माझी परीक्षा आहे का तुमची?”

“सांग तर.”

“स्वेटर. तपकिरी. कोपराला विरलेला, मी रफू केलाय.”

सर डोळे मिटून बसले. स्वतःच्या डोळ्यांसमोर त्यांना काही दिसत नव्हतं, पण ती बोलत असताना मिटल्या पापण्यांआड काहीतरी तपकिरी हलल्यासारखं व्हायचं. एखाद्या आंधळ्याला धाकट्या भावानं जत्रा सांगावी, तसा त्यांना त्यांचा उद्या ऐकायला मिळत होता. रोज ते नवं काही विचारायचे. खिडकीबाहेर काय आहे? बाळ रडलं की मी उठतो का तू उठतेस? मी त्याला काय म्हणून हाक मारतो? आणि शैलजाबाई सांगत सुटायच्या. तीन महिन्यांत त्यांनी सरांचं अख्खं म्हातारपण रचून दिलं, मोडक्या इंग्रजीत, वांगी चिरता चिरता. घरात एखादं वाक्य पोकळ निघालं की त्याला ‘वांग्याचं वाक्य’ म्हणायची आता पद्धतच पडली. “भाजीत मीठ बरोबर आहे,” असं सर वर न बघता म्हणाले की त्या म्हणायच्या, “वांग्याचं वाक्य. आधी चाखा.”

ऑक्टोबरात फेरपरीक्षा झाली. शैलजाबाईंना शंभरात चौऱ्याण्णव मिळाले. यंत्रासमोर बसून त्या अकरा मिनिटं वेताच्या खुर्चीबद्दल आणि तपकिरी स्वेटरबद्दल बोलल्या होत्या. केंद्रावरच्या पोरीनं उठून हात मिळवला. इतका लख्ख उद्या त्या यंत्रानं वर्षभरात पाहिला नव्हता. थरथर खरी होती आणि ज्या चित्रामुळे घसा थरथरला ते चित्रच खोटं होतं. पण ते मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही.

त्या बाहेर आल्या तेव्हा ठरलेल्या फाटकाशी सर नव्हते. मागच्या फाटकाशी, उन्हात, पिशवी छातीशी धरून उभे होते.

“अहो, इकडं काय करताय?”

“तू इकडूनच आत गेलीस की.”

“मी पुढून गेले.”

“बरं, पुढून,” सर म्हणाले आणि हसले. शैलजाबाईही हसल्या, चौऱ्याण्णव गुणांच्या आनंदात.

नोव्हेंबरच्या एका सकाळी दारात गाडी येऊन उभी राहिली. चालक नसलेली, हैदराबादच्या विमानतळावर जाणारी. सानिकाला सातवा लागला होता आणि दोन दिवसांपूर्वी थोडं रक्त गेलं होतं. शैलजाबाईंनी डब्यात धपाटे बांधले होते, कढीलिंबाची चटणी होती आणि बॅगेत अगदी वर तो तपकिरी स्वेटर होता. “तुम्ही याल तेव्हा तिथं तयार असू दे,” त्या म्हणाल्या.

“आपण पाच मिनिटांत निघू,” गाडी गोड आवाजात म्हणाली.

शैलजाबाई फाटकाशी थांबल्या. “मार्चमध्ये येणार ना?”

“येणार म्हणजे काय! येणारच.”

“मराठीत माणूस काहीही बोलतो. इंग्रजीत सांगा.”

सरांनी एक हात फाटकावर ठेवला, खांदे ताठ केले, वर्गात उभे राहायचे तसे. “आय शॅल जॉइन यू इन द मंथ ऑफ मार्च.”

वाक्य निर्दोष होतं. पण ‘शॅल’ म्हणताना त्यांच्या बोटानं फाटकाच्या लोखंडावर एक ठोका दिला. टक्.

शैलजाबाई त्या बोटाकडे पाहत राहिल्या. तीन महिने रोज सकाळी त्यांनी दुसरं शिकलंच काय होतं? कुठल्या वाक्यामागं दार उघडतं आणि कुठल्या वाक्यामागं नुसती भिंत असते, हे ओळखायला त्यांना आता यंत्र लागत नव्हतं.

“वांग्याचं वाक्य,” त्या म्हणाल्या.

सरांनी फाटकावरचं बोट मिटून घेतलं.

“शर्वरीनं सांगितलंय ना तुम्हाला? केव्हापासून?”

“जुलै.”

“आणि रोज बसून स्वेटरचा रंग विचारत होतात!” त्यांचा आवाज चिरकला. “मी मूर्खासारखी सांगत होते!”

“मला दिसत नव्हता गं,” सर म्हणाले. “तुला दिसत होता.”

“आपण दोन मिनिटांत निघू,” गाडी म्हणाली.

“ऐका माझं. उद्याचं एक सांगा. मोठं नको, एवढंसं. उद्या सकाळी उठून काय कराल ते बघा आणि सांगा. दिसलं तर मी जाते. नाही दिसलं तर बॅग आत नेते.”

सरांनी डोळे मिटले. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले. त्यांनी खरोखर शोधलं. स्वयंपाकघर शोधलं, पाट शोधला, चहाचा कप शोधला. ज्या जागी उद्या असतो तिथं काहीच नव्हतं. काळोखही नव्हता, काळोख निदान दिसतो तरी. त्या नसलेल्या जागेतून त्यांच्या हाताला एकच गोष्ट लागली, एकेचाळीस वर्षं तिथं पडून असलेली.

“टुमॉरो आय शॅल गो टु द मार्केट,” ते म्हणाले.

शैलजाबाईंनी पदर तोंडात कोंबला आणि दुसऱ्या हातानं बॅग घराकडे ओढली. सरांनी पट्टा धरला. सत्तरीला टेकलेली दोन माणसं फाटकात एका बॅगेसाठी झोंबत होती आणि समोरच्या दारात किराणावाल्याचा पोपट त्यांना टुमॉरोचं सांगत होता.

“शैला,” सर धापा टाकत म्हणाले. “मला तू एकदाच विसरणार आहेस. सानिका लेकरू तिसऱ्यांदा गमावेल.”

त्यांना म्हणायचं होतं, तुला मी विसरणार आहे. शब्दांची अदलाबदल झाली होती. शैलजाबाईंच्या ते लक्षात आलं. त्यांनी बॅग सोडली. सरांनी बॅग उचलून गाडीत ठेवली, त्यांचा हात धरून त्यांना बसवलं, पदर दारात अडकू नये म्हणून आत सारला.

गाडीची काच खाली झाली. शैलजाबाईंनी समोर पाहत, सावकाश, एकेक शब्द म्हटला.

“आय शॅल कम बॅक इन एप्रिल.”

काचेच्या कडेवर त्यांचं बोट होतं. टक्.

सरांनी ते ऐकलं. चाळीसच्या वर तुकड्यांची भविष्यं त्यांनी तोंडी तपासली होती. पाठ केलेलं वाक्य त्यांना पाठमोरं असतानाही कळायचं.

“व्हेरी गुड,” ते म्हणाले. “सिट डाउन.”

गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पिशवी घेऊन मंडईत गेले. जुबेदा भाजीवाली त्यांचीच विद्यार्थिनी, दहावीला तीन वेळा बसलेली. “या सर,” ती हसली, “आय शॅल बाय वन किलो ऑफ ब्रिंजल्स, होय ना?” आणि जांभळी काटेरी वांगी निवडून तराजूत टाकली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “सर, काल नेली की.” पाचव्या दिवसापासून ती काही म्हणेनाशी झाली. गप मोजायची, पिशवीत घालायची आणि सर वळले की शेजारणीकडे बघायची.

शर्वरीनं सकाळ-संध्याकाळसाठी एक बाई ठरवली होती, ती एक तारखेपासून यायची होती. जानेवारीत सानिकाला मुलगी झाली, जगली, चांगली सात पौंडांची. पडद्यावर सरांना दाखवली. “छान आहे,” सर म्हणाले. “कुणाची?”

पण ते पुढचं. त्या पहिल्या आठवड्यातल्या शनिवारी ते मंडईतून परत आले तेव्हा ओट्यावर पाच पिशव्या होत्या. त्यातल्या दोन पाणी सोडायला लागल्या होत्या. सरांनी सहावी त्यांच्याशेजारी ठेवली, हात धुतले आणि विळीसमोरच्या पाटावर जाऊन बसले. घरात आलं किसल्याचा आवाज नव्हता. बराच वेळ त्यांनी वाट पाहिली. मग त्यांना आठवलं की आपण शिक्षक आहोत आणि पाठ अर्धवट राहिलाय.

“माय वाइफ विल कुक देम,” ते मोठ्यानं म्हणाले. “वुई शॅल ईट टुगेदर.”

पाटावर बोटाचा ठोका दिला, आणि वर्ग आपल्यामागून म्हणेल म्हणून थांबले.